मागचा उजवा

मागच्या उजव्या चाकाचा टायर बोलतोय. पुढचा नव्हे, मागचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण या एका शब्दावरून माझं सगळं आयुष्य दुसरीकडेच जाणार होतं. "मागचे काय, नुसते फरफटत येतात," असं माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोललं गेलं आहे. मी ऐकून घेतलं. टायरला दुसरं काय करता येतं?

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यातला. आम्ही चौघं एकाच दिवशी साच्यातून निघालो. आम्ही हिवाळी टायर. कडक थंडीत साधे टायर लाकडासारखे ताठ होतात, आम्ही मात्र मऊ राहतो. आमच्या अंगावर केसाएवढ्या बारीक चिरा असतात, हजारो. घसरड्या बर्फावर पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो, तो त्या चिरांत ओढून घ्यायचा आणि खालच्या बर्फाला धरून ठेवायचं, हे आमचं काम. आम्हाला खिळे नाहीत. जे काही धरायचं ते अंगानंच.

माझा पहिला मालक मासळीवाला होता. तीन हिवाळे त्यानं आम्हाला वापरलं. दर वसंतात आम्हाला धुऊन, कोण कुठल्या चाकाचा ते खडूनं लिहून ठेवायचा. मासळीबाजारात एकदा माझ्या तळव्यात खिळा घुसला, तेव्हा त्यानं मला आतून नीट ठिगळ लावून घेतलं. मग त्याची नजर अधू झाली, त्यानं गाडी सोडली, आणि आम्ही चौघं एका जहाजावर चढलो. तिथून आगगाडी, मग लोखंडी कंटेनर. कंटेनरचं दार उघडलं तेव्हा बाहेर बिश्केक शहराच्या कडेचा टायरबाजार होता. टायरांचे डोंगर होते, आणि त्यांच्या मागे खरे डोंगर. ते बघून मी पहिल्यांदा थक्क झालो. जहाजावरून मी समुद्र पाहिला होता, पण इथं जमीनच लाट होऊन उभी राहिली होती.

ऑक्टोबर संपत आला होता, त्या दिवशी त्या दोघी आल्या. बेगायिम तिशीतली, कोचकोर गावच्या शाळेत गणित शिकवणारी. आणि तिची सासू बुरुलकान, जिला सगळेच अपा, म्हणजे आई, म्हणायचे. अपा हाडं बसवायची. कुणाचा खांदा निखळला, मनगट मुरगळलं की लोक आधी तिच्या दारात यायचे. बेगायिमचा नवरा मक्सत रशियात बांधकामावर होता. गाडी मागे राहिली होती, म्हणून त्या उन्हाळ्यात बेगायिम ती चालवायला शिकली होती.

दुकानदाराचं नाव तिलेक. बेगायिमला 'एजे', म्हणजे ताई, म्हणत त्यानं आधी चकचकीत नवे टायर पुढे केले. "हे घ्या, एजे. नवे कोरे, खिळेवाले. बर्फाला असे चिकटतात की चार जणांनी ढकललं तरी गाडी हलायची नाही."

बेगायिमनं अंगठा दाबून पाहिला. "आत्ताच एवढा कडक आहे. जानेवारीत काय होईल याचं? आणि आमचा निम्मा रस्ता कोरडा डांबरी. खिळे तिथंच झिजून जायचे."

"मग हे बघा, जपानी. वापरलेले आहेत, पण लोण्यासारखे मऊ." आणि त्यानं आम्हाला बाहेर काढलं.

बेगायिम वाकून माझ्या कुशीवरचा चार आकडी नंबर वाचू लागली. कितव्या आठवड्यात, कुठल्या वर्षी मी जन्मलो, सगळं त्यात असतं. मग तिनं एक काडी माझ्या खाचेत घालून खोली मोजली. तेवढ्यात मक्सतचा फोन आला, तो तिनं स्पीकरवर घेतला.

"अगं, पुढचे दोन घे आणि ये," तो म्हणाला. "आपल्या गाडीला पुढचेच ओढतात. मागचे काय, नुसते फरफटत येतात."

अपानं फोन हिसकावला. "मक्सत, बर्फात निघताना तू एकाच पायात बूट घालतोस का रे?"

"अपा, गाडीला पाय नसतात."

"म्हणूनच तर तुला विचारून उपयोग नाही," असं म्हणून तिनं फोनच बंद केला.

तिलेक हसला. "पण एजे, बरेच जण दोनच नेतात हं."

बेगायिमनं टेबलावरची काड्यापेटी उचलली आणि पुढचं टोक बोटानं दाबून धरलं. "हे बघ. उतारावर पुढचे टायर थांबले, पण मागचे नाही थांबले, तर?" तिनं मागच्या टोकाला टिचकी मारली. काड्यापेटी गर्रकन फिरून उलट्या तोंडानं उभी राहिली. "मला चार हवेत. एकाच जातीचे."

मी मनातल्या मनात त्या बाईला नमस्कार केला. गाडीच्या शेपटीची काळजी करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग अपा पुढे झाली. तिनं हातमोजे काढले, बोटांवर फुंकर घालून त्यांना ऊब आणली, आणि डोळे मिटून आम्हाला एकेकाला चाचपायला लागली. बघायला आजूबाजूचे दुकानदार गोळा झाले. एक जण म्हणाला, "काय हो अपा, टायरची नाडी लागते का?"

"तुझी लागायची नाही, तू गप्प बस," अपा डोळे न उघडता म्हणाली.

माझ्या एका भावाच्या कुशीवर तिची बोटं थांबली. "इथं काय आहे?"

"कुठं? काही नाही," तिलेक म्हणाला.

"पूस इथं."

तिलेकनं फडकं रॉकेलमध्ये बुडवून पुसलं. काळा रंग निघाला आणि खाली बोटभर लांब चीर दिसली. तिलेकचे कान लाल झाले. "माल असाच आला, अपा. शपथ."

"आला असेल. आणि रंगही जहाजातच लागला असेल," अपा म्हणाली.

माझा भाऊ बाजूला लोटला गेला. आम्ही एकाच दिवशी जन्मलो होतो, एकाच वेळी शेवटचं एकमेकांकडे पाहिलं. पण आता माझी पाळी होती. तिची बोटं माझ्या आत शिरली आणि थेट त्या ठिगळावर गेली. मी म्हटलं, संपलं.

यावेळी तिलेकनं लपवलं नाही. "खिळा लागला होता. आतून पॅच मारलाय."

अपानं आतून दाबलं, बाहेरून दाबलं, कान लावला. बराच वेळ. इतकी शहाणी बोटं माझ्या अंगावरून कधी फिरली नव्हती. मी वर्षानुवर्षं फिरलेल्या रस्त्यांबद्दल त्या बोटांना सगळं कळतंय, असं मला वाटलं. मग ती म्हणाली, "तळव्याला लागलेलं भरून येतं. बरगडीला लागलेलं नाही. हा घे, बेगायिम. तो नको."

आम्ही तिघं भाऊ आणि आमच्याच नक्षीचा एक परका, असे चार जण कोचकोरला गेलो. भाऊ दोघं पुढे. मी मागे उजवीकडे, परका डावीकडे.

नोव्हेंबरात बर्फ पडला. शाळा, बाजार, कोळशाची पोती, कुणाच्या तरी बाळाच्या पाळण्याचा समारंभ. बेगायिम सावकाश चालवायची. लोक चिडवायचे, "बाईसाहेब, तुमच्या पुढे गाय गेली बघा." ती म्हणायची, "गाईला चार पाय आहेत, तिला घाई परवडते."

जानेवारीत एका सकाळी ती गाडीवरचा बर्फ झाडत होती, तेव्हा अपा फोन कानाला लावून पायरीवर आली. बोलणं संपलं तरी तिनं फोन खाली घेतला नाही.

"कुणाचा होता, अपा?"

"एरमेकचा. कलिपाच्या मुलाचा."

कलिपा ही अपाची थोरली बहीण, घाटापलीकडे राहणारी. बेगायिमचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, पण घरात हे नाव तिनं दोनदाही ऐकलं नव्हतं.

"पडलीय. गोठ्याच्या दाराशी बर्फावर. उठता येत नाही. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलीय, संध्याकाळपर्यंत येईल म्हणतात. मला बोलावलंय." अपानं आता फोन खिशात टाकला. मग म्हणाली, "गाडीत पेट्रोल आहे का?"

"आहे. पण अपा, मी हिवाळ्यात घाट कधी चालवलेला नाही."

"मीही कधी चालवलेला नाही. चल."

निघताना दोघींनी दुआ मागून तळवे चेहऱ्यावरून फिरवले. डिकीत फावडं, राखेचं पोतं, थर्मास, बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, पिशवी. आणि आम्ही चौघं खाली.

दोलोनच्या घाटाबद्दल मी काय सांगू! शब्द माझ्याजवळ नाहीत. तीन हजार मीटरवर, उणे अठ्ठावीस थंडीत, जगात फक्त पांढरा आणि निळा असे दोनच रंग उरले होते. वाऱ्यानं उडालेला बर्फ रस्त्यावरून धुरासारखा आडवा वाहत होता आणि त्याखाली रस्ता काचेसारखा चमकत होता. एका कड्याखाली घोड्यांचा कळप उभा होता. पापण्यांवर बर्फ, पाठीवर बर्फ, एकही हलत नव्हता. मी पुढे सरकत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढ्या अफाट जगात आपण किती जागा धरून आहोत? हाताच्या तळव्याएवढी. प्रत्येक टायर जमिनीला तेवढाच टेकतो. चार तळव्यांवर दोन बायका चालल्या होत्या.

वर बोलणं चालू होतं. "आई गेली तेव्हा," अपा सांगत होती, "तिचा मोठा शिरदाक, तो लाल-निळा नमद्याचा गालिचा, कलिपानं उचलून नेला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, तू आईसाठी नाही, गालिच्यासाठी आलीस. ती काही बोलली नाही. पंधरा वर्षं झाली."

"तुम्ही कधी फोन केला नाही?"

"ती थोरली आहे. तिनं करायचा."

"बोललात तर तुम्हीच, अपा."

"तू रस्त्याकडे बघ," अपा म्हणाली.

कलिपाचं गाव मुख्य रस्त्यापासून वर, एका अरुंद दरीत होतं. अंगणात पोचलो तेव्हा दार उघडंच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आलीस? पंधरा वर्षांनी आलीस?" हा नवा आवाज कोरडा, पण कणखर होता.

"बोलू नको, एजे. पाय बघू दे."

मग पांघरूण सरकल्याची सळसळ आली. एकदा फक्त दाबलेली किंकाळी. नंतर अपाचा आवाज आला, आणि तो मला ओळखूच आला नाही, इतका खाली गेला होता. "पाऊल बाहेर वळलंय. हा पाय त्या पायाहून आखूड झालाय. खुब्याचं हाड मोडलंय. हे माझ्या हातचं नाही. नारीनला, मोठ्या डॉक्टरांकडे."

"पण मावशी, तुम्ही तर सगळ्यांची हाडं बसवता!" एरमेक म्हणाला.

"जे बसतं ते बसवते. हे मी ओढलं तर तुझ्या आईला मी अधू करीन. दोन फळ्या आण."

"बघा," कलिपा म्हणाली, "एवढ्या लांबून आली, आणि हात झटकले."

"झटकले, एजे. हो. झटकले."

शेजारचे तिघे आणि एरमेक, चौघांनी मिळून कलिपाला उचलून आणलं. स्ट्रेचर म्हणून तिच्याखाली एक जुना लाल-निळा गालिचा होता. चारी कोपरे चौघांच्या मुठीत. अपा दाराशी थबकली.

"हाच का तो?"

"हाच."

"भोकं पडलीत की."

"पंधरा वर्षं मी त्याच्यावरच झोपतेय," कलिपा म्हणाली. "आईचा वास गेला, तरी झोपतेय."

अपानं गालिच्याचं एक भोक बोटानं चाचपलं. ती मागच्या सीटवर बसली, बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं, फळ्यांनी बांधलेला पाय गालिच्यात गुंडाळून सीटवर लांब केला. दोघींचं सगळं वजन माझ्यावर आणि त्या परक्यावर आलं. एरमेक पुढे बसला. अपा बेगायिमला एवढंच म्हणाली, "एक धक्का बसला तरी तिचा जीव जाईल गं."

बेगायिम म्हणाली, "हो अपा." तिनं क्लच इतका अलगद सोडला की गाडी निघाल्याचं आम्हा चौघांनाही उशिरा कळलं. 

दरीतला तो उतार तीन किलोमीटरचा. तिथं हिवाळाभर ऊन पोचत नाही. दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी बर्फ घोटून घोटून गुळगुळीत केलेला. उजवीकडे कडा, डावीकडे खोल ओढा. बेगायिम पहिल्या गिअरमध्ये उतरत होती, इतकी हळू की एरमेक म्हणाला, "ताई, मी उतरून चालत पुढे जाऊ का?"

आणि एका वळणाच्या पलीकडे गवताचा ट्रक आडवा उभा होता. घसरून पूर्ण रस्ता अडवून बसलेला. ड्रायव्हर खाली उतरून हात हलवत होता.

एरमेक ओरडला, "ब्रेक!"

बेगायिमनं ब्रेक एकदम दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि मग अंगठ्यानं कळी दाबावी तसा ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला. पुढे माझ्या भावांनी बर्फ धरला. सगळी गाडी त्यांच्याकडे झुकली, मागचा भाग हलका झाला, आणि मला कळलं की मी सुटतोय. एक वीत मी ओढ्याच्या बाजूला सरकलो. माझ्याखाली बर्फ नव्हता, पाणी होतं, कागदाएवढं पातळ. मी सगळ्या चिरा उघडल्या. ते पाणी मी आत घेतलं. तळव्यातलं ते जुनं ठिगळ ताणलं, आणि टिकलं. माझ्या पलीकडे तो परका, ज्याच्याशी दोन महिन्यांत मी एक शब्द बोललो नव्हतो, तोही त्याच क्षणी बर्फात दात रोवत होता. आणि त्या पाण्याच्या खाली मला बर्फ लागला. खरा, कोरडा, जुना बर्फ. त्याला मी धरलं.

गाडी सरळ राहिली. हळूहळू, जशी नदी गोठते तशी, थांबली. ट्रकपासून अंतर असेल दोन माणसांएवढं.

 मग मागच्या सीटवरून कलिपाचा आवाज आला. "का गं, अजून निघालो नाही का आपण?"

तिला काही कळलंच नव्हतं. एक धक्काही लागला नव्हता.

अपा हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "निघालोय, एजे. थांबलोय." मग एकदम म्हणाली, "मी तेव्हा बोलले ते चुकलं. आई गेली होती ना, मला कुणावर तरी ओरडायचं होतं."

"पंधरा वर्षं लागली तुला?"

"तूही फोन करायला हवा होतास."

"केला असता. पण तू थोरलीसारखी रागावलीस, मग मला वाटलं, असेल ही थोरली."

ट्रकवाला येऊन वाकला. त्यानं बर्फावर आमच्या मागे पाहिलं, मग मला पाहिलं. "आई शपथ, मी तर म्हटलं गेलो. अपा, कुठले टायर हे?"

"टायरचं काय विचारतोस," अपा डोळे पुसत म्हणाली, "बाईचं विचार."

बेगायिम बाहेर आली आणि डिकीतलं फावडं काढून ट्रकच्या चाकांपाशी बर्फ उकरायला लागली.  एरमेकनं राखेचं पोतं फोडून ट्रकच्या चाकांखाली राख पसरली. तासाभरानं रस्ता मोकळा झाला. नारीनच्या इस्पितळात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती, पण दिवस होता.

कलिपाचं ऑपरेशन झालं. वसंतात ती कोचकोरला आली, काठी टेकत अंगणात चालायला शिकली आणि परत गेलीच नाही. दोघी बहिणी रोज भांडायच्या: तिकडच्या खारट चहात मीठ किती, चुलीत कोळसा किती, आई कोणावर जास्त जीव टाकायची. मक्सत सुट्टीवर आला तेव्हा त्यानं घाटाची गोष्ट ऐकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तो मागच्या चाकांपाशी उकिडवा बसून बराच वेळ आमच्याकडे बघत होता. 

मी आणखी चार हिवाळे धावलो. मग एका ऑक्टोबरात बेगायिमनं पुन्हा काडी घातली, आणि ती फारशी आत गेलीच नाही. अपानं बोट लावलं. "रबर मेलंय गं," ती म्हणाली. मला वाईट वाटलं नाही. खरं तेच होतं.

शेजाऱ्यानं मला हमामखान्याच्या चुलीत जाळायला मागितलं. बेगायिमनं दिलं नाही. तिनं मला फाटकापाशी आडवं ठेवून अर्धं जमिनीत पुरलं आणि आत माती भरली. उन्हाळ्यात माझ्या पोटात शेपू उगवतो, कलिपा खुर्ची टाकून त्याला पाणी घालते.

एवढंच मागतो. थंडी यायच्या आधी एकदा आपल्या गाडीच्या चारही चाकांपाशी वाका. आमच्या कुशीवरचं वय वाचा, अंगठा दाबून बघा. आमची वेळ संपली असेल तर आम्हाला काढा, आम्ही रागावणार नाही. पण जाळू नका. त्या धुरात कुणाचंच भलं नाही.

आज सकाळी यंदाचा पहिला बर्फ पडला. आयुष्यभर बर्फ माझ्या खाली होता, आज तो माझ्यावर पडला. इतका हलका असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. बेगायिमनं गाडी काढली, अपा आणि कलिपा मागे बसल्या, नवे चार टायर माझ्यासमोरून फाटकाबाहेर गेले.

त्यांच्या मागे अंगणातल्या कोऱ्या बर्फावर दोन रेघा उमटल्या. बारीक नक्षीच्या, एकसारख्या, दारापासून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून पार डोंगराकडे गेलेल्या. मी बघतच राहिलो. टायरला आपल्या मागचं कधी दिसत नाही, तो सतत पुढे गेलेला असतो. म्हणजे एवढी वर्षं, त्या घाटात, त्या उतारावर, माझ्याही मागे हे असंच उमटत होतं?

किती सुंदर आहे हे! आणि मला कुणी सांगितलंच नाही.